फवारणी आणि आरोग्य : आकड्यांमागील ‘का’ कसा शोधावा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



कपाशीवर गुलाबी बोंडअळी किती आहे, हे आपण अंदाजाने ठरवत नाही. शेतात कामगंध सापळे लावतो आणि पतंग मोजतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, किंवा फुलांत व हिरव्या बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला, की उपाययोजना करतो. हे मोजण्याचे काम झाले. परंतु शेजारच्या शेतात अळी कमी आणि आपल्याच शेतात जास्त का, याचे उत्तर पतंग मोजून मिळत नाही. त्यासाठी बांधावर उभे राहून विचारपूस करावी लागते. फरदड घेतली होती काय? पऱ्हाट्यांचा ढीग कोठे रचला होता? पेरणी कधी केली? ‘किती’ हे सापळा सांगतो, ‘का’ हे माणूस सांगतो.

माणसाच्या आरोग्याचा अभ्यासही याच दोन पायांवर चालतो. किती लोक आजारी पडले, किती दवाखान्यात गेले, किती दगावले हे मोजणे म्हणजे संख्यात्मक अभ्यास. ते का आजारी पडले, उशिरा दवाखान्यात का गेले, सांगितलेली खबरदारी त्यांनी का घेतली नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकणे, जवळून पाहणे आणि त्यातून अर्थ लावणे म्हणजे गुणात्मक अभ्यास. नाव थोडे जड आहे, पण पद्धत आपल्या ओळखीची आहे. ती शिस्तीने कशी वापरावी आणि फवारणीतील विषबाधा टाळण्यासाठी तिचा आपल्या गावात काय उपयोग होईल, हे आज सांगणार आहे.

आकडे कोठे कमी पडतात?

सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हे आकडे सर्वांनी वाचले. परंतु फवारणी तर आपण वर्षानुवर्षे करत होतो. मग त्याच वर्षी असे का झाले? लोकांशी बोलणे झाले तेव्हा एकेक बाब पुढे आली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर व छातीवर येत होता. किडींचा जोर असल्याने दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती. जास्त दाबाचे पंप वापरात आले होते. हवेत उकाडा होता. यातील एकही बाब मृतांच्या यादीत लिहिलेली नसते. ती पिकात उभे राहून काम केलेल्या माणसालाच ठाऊक असते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. ऊसतोडणीला जाणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार असल्याच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली व त्यांतील १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. आकडा धक्कादायक आहे, पण तो कारण सांगत नाही. कारणे या भगिनींच्या बोलण्यातून कळली. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा धरून उचलीतून पैसे कापले जातात. फडाजवळच्या कोपीत न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही. दुखणे घेऊन दवाखान्यात गेले की कर्करोगाची भीती घातली जाते. ही कारणे कळल्यावर उपाय केवळ रुग्णालयात नसून मुकादमाच्या हिशोबात आणि तळावरच्या पाण्यातही आहे, हे लक्षात येते.

कहाणीतून आकडा कसा सुधारतो?

कोणी म्हणेल, लोकांच्या गोष्टी ऐकून शास्त्र होते काय? होते. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. साप चावून मरणारे बहुतेक लोक खेड्यातले असतात आणि त्यांतील पुष्कळ जण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. त्यामुळे रुग्णालयांच्या नोंदींत हे मृत्यू फारच थोडे दिसत.

भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी योजनेत २००१ पासून एक पद्धत अवलंबिली गेली. प्रशिक्षित कार्यकर्ता मृत्यू झालेल्या घरी जातो, ठरावीक प्रश्न विचारतो आणि शिवाय घरच्या माणसांनी सांगितलेली हकिकत त्यांच्या भाषेत लिहून घेतो. काय झाले, आधी काय दिसले, मग काय केले, हे सर्व त्यात येते. नंतर दोन डॉक्टर ही नोंद स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवतात. दोघांचे मत जुळले नाही तर पुन्हा तपासणी होते. अशा हजारो नोंदींच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाले असावेत असा अंदाज निघाला. हा आकडा रुग्णालयीन नोंदींच्या कित्येक पट होता. म्हणजे घराच्या ओसरीवर ऐकलेल्या हकिकतींनी देशाचा आकडा दुरुस्त केला. ऐकणे आणि मोजणे ही एकमेकांची वैरी नाहीत, एका गाडीचे दोन बैल आहेत.

‘औषध’ आणि ‘विष’

आता आपल्या फवारणीकडे वळू. समजा पाहणी करणारा माणूस कागद घेऊन आला व त्याने विचारले, “गेल्या वर्षभरात आपणास कीटकनाशकाची विषबाधा झाली काय? होय की नाही?” बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. पाहणीचा निष्कर्ष निघेल की गावात विषबाधा नाही.

परंतु आपण बोलतो कसे, हे आठवा. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. औषध आणले, औषध मारले. फवारणीनंतर गरगरले, मळमळले, तर ‘जरा औषध लागले’ म्हणतो. ‘विष’ हा शब्द आपल्याकडे प्यायलेल्या विषासाठी राखून ठेवलेला आहे. ‘विषबाधा’ म्हटले की पोलीस, पंचनामा आणि बदनामी आठवते. म्हणून त्या प्रश्नाला मनापासून दिलेले ‘नाही’ हे उत्तरसुद्धा खरे चित्र दाखवत नाही. त्याच माणसाला “फवारणी केल्यावर कधी औषध लागले काय? तेव्हा काय काय झाले?” असे विचारून पाहा. तो डोकेदुखी, भोवळ, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, अंगाची आग, उलटी हे सर्व सांगू लागेल.

आणखी एक गोष्ट पाहा. जी वस्तू घरात ‘औषध’ म्हणून ओळखली जाते, ती देवळीत खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवली जाण्याची भीती अधिक असते. तिचा रिकामा डबा धुऊन पुन्हा वापरात आणला जातो. एका शब्दातून एवढे कळते. म्हणून गुणात्मक अभ्यासाचा पहिला नियम असा की, लोक ज्या शब्दांत बोलतात ते शब्द आधी गोळा करावेत आणि प्रश्न त्याच शब्दांत विचारावेत.

कोणाला विचारावे?

माती परीक्षणासाठी नमुना घेताना आपण नागमोडी वळणाने शेतभर फिरतो. झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळतो, कारण आपल्याला शेताची सरासरी हवी असते. गुणात्मक अभ्यासात याच्या उलट करावे लागते. येथे बांधाजवळ आणि ढिगाखाली मुद्दाम जायचे असते, कारण वेगळा अनुभव तेथेच सापडतो.

आपल्या गावात हा अभ्यास करायचा असल्यास पुढील माणसांशी अवश्य बोलावे.

१) रोजाने किंवा गुत्त्याने फवारणी करणारा मजूर. हंगामात तो एका नव्हे तर अनेकांच्या शेतांत पंप उचलतो.
२) ड्रममध्ये पाणी भरणारी, द्रावण कालवणारी स्त्री आणि फवारणीचे कपडे धुणारी स्त्री. ‘फवारणी करता काय?’ या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात, पण कीटकनाशक त्यांच्याही हाताला लागते.
३) ज्याला पूर्वी औषध लागले होते तो, आणि त्याला दवाखान्यात नेणारे नातेवाईक.
४) अनेक वर्षे फवारणी करूनही ज्याला त्रास झाला नाही तो. तो वेगळे काय करतो, हे शिकण्यासारखे असते.
५) कृषी सेवा केंद्राचा चालक, आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर.

किती जणांशी बोलावे याचा ठरावीक आकडा नाही. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासे झाले, तेच ते पुन्हा ऐकू येऊ लागले, की थांबावे. मात्र एकाच आळीतील, एकाच बैठकीतील लोकांना विचारून थांबू नये.

कसे विचारावे?

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ मध्ये संपते तो प्रश्न शक्यतो टाळावा. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते तोही टाळावा.

“तुम्ही हातमोजे आणि चष्मा वापरता ना?” असे विचारू नये. “मागच्या वेळी फवारणीला गेलात तो दिवस सकाळपासून सांगा” असे विचारावे.

“माहितीपत्रक वाचले काय?” असे विचारू नये. बाटलीसोबतचे माहितीपत्रक हाती देऊन “यातले काय कळते ते सांगा” असे म्हणावे. अक्षर लागत नाही, की चष्मा नाही, की शब्द कळत नाहीत, हे तेथेच दिसेल.

“उशीर का केला?” असे विचारू नये. त्यात दोष दिल्यासारखे वाटते. “त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय काय घडले?” असे विचारावे.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहण्याची सवय लावून घ्यावी. पुष्कळदा महत्त्वाची गोष्ट माणूस थोडे थांबून सांगतो. सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहावे. ‘डोक्यात घण घातल्यासारखे झाले’ असे तो म्हणाला, तर वहीत केवळ ‘डोकेदुखी’ लिहू नये.

गटचर्चा घ्यायची असल्यास सहा ते दहा माणसे पुरेत. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मालक आणि मजूर यांना एका गटात बसवू नये. मालकासमोर मजूर “पंप गळत होता” असे सांगणार नाही, कारण उद्याचा रोज त्याच मालकाकडे असतो. स्त्रियांची बैठकही वेगळी घ्यावी आणि ती त्यांच्या सवडीच्या वेळी, त्यांना मोकळे वाटेल अशा जागी घ्यावी.

तीन सोप्या पद्धती

शरीराचा नकाशा : जमिनीवर खडूने माणसाची दोन चित्रे काढावीत, एक पुढून व एक पाठीमागून. फवारणी करणाऱ्यांना तुरीचे दाणे द्यावेत आणि अंग जेथे जेथे ओले होते तेथे दाणे ठेवण्यास सांगावे. पाठीवर व कमरेवर दाणे पडले, तर पंपाचे झाकण किंवा टाकी गळते आहे. मांड्यांवर व पोटऱ्यांवर पडले, तर माणूस नुकत्याच फवारलेल्या ओल्या पिकातून चालतो आहे. पंजांवर पडले, तर द्रावण हाताने ढवळले जाते किंवा नोझल उघड्या हाताने साफ केले जाते. तोंडावर व खांद्यांवर पडले, तर पीक उंच झाले आहे किंवा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी होते आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पहिल्यासाठी वायसर बदलावा लागतो, केवळ उपदेश करून भागत नाही.

हंगामाची दिनदर्शिका : बारा महिन्यांचे बारा चौकोन आखावेत. कोणत्या महिन्यात फवारण्या अधिक, औषध लागण्याचे प्रकार अधिक, हातात पैसा कमी, रस्ता चिखलाचा, हे खडे ठेवून दाखवण्यास सांगावे. ज्या महिन्यात फवारणी जास्त त्याच महिन्यात हात रिकामा आणि रस्ता बंद असे आढळले, तर दवाखान्यात उशीर होण्याचे कारण ‘निष्काळजीपणा’ नसून वाहन व पैसा हे आहे, हे स्पष्ट होते. मग गावाने हंगामापुरते एक वाहन ठरवून ठेवणे हा खरा उपाय ठरतो.

निरीक्षण : बाटली उघडल्यापासून कपडे धुतले जाईपर्यंत काय घडते ते पाहावे. झाकण कशाने उघडले? माप कशाने घेतले? नोझल तुंबल्यावर तोंडाने फुंकले काय? मध्येच तंबाखू मळली काय? जेवणाआधी हात कशाने धुतले? माणूस सांगतो ते आणि करतो ते यांत फरक असू शकतो. त्यात खोटेपणा असतोच असे नाही. सवयीची गोष्ट सांगायची राहून जाते. मात्र निरीक्षण करताना समोर धोका दिसला, तर वही मिटून आधी त्या माणसास थांबवावे. अभ्यास जिवापेक्षा मोठा नाही.

मुलाखत, गटचर्चा आणि निरीक्षण या तिन्हींतून एकच गोष्ट पुढे आली तर ती भरवशाची समजावी. तिन्हींत मेळ नसेल, तर तेथे आणखी खोलात जावे.

संमती व गुप्तता

माहिती कशासाठी घेत आहोत हे आधी सांगावे व समोरच्याची संमती घ्यावी. ‘सांगायचे नाही’ म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. कोणी काय सांगितले हे नावानिशी चावडीवर सांगू नये. एका मजुराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मालकाच्या कानी गेली, तर त्याचा रोजगार जाईल आणि पुढे गावात कोणी खरे बोलणार नाही. शेवटी जे निष्कर्ष निघतील ते लोकांपुढे वाचून दाखवावेत आणि “हे बरोबर आहे काय?” असे विचारून दुरुस्ती करावी.

या पद्धतीच्या मर्यादा

दहा जणांशी बोलून ‘गावातील साठ टक्के लोकांना त्रास होतो’ असे म्हणता येत नाही. टक्केवारी हवी असेल तर रीतसर पाहणीच करावी लागते. तसेच गप्पांतून रोगाचे निदान होत नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. काय मोजावे, कोणत्या शब्दांत विचारावे आणि सांगितलेला उपाय लोकांना का पेलत नाही, हे या पद्धतीने कळते. संरक्षक पोशाखाचेच पाहा. ‘शेतकरी पोशाख वापरत नाहीत’ एवढाच निष्कर्ष काढला तर पुन्हा पोशाखच वाटले जातील. “का वापरत नाही?” असे विचारले तर उत्तर येते की दमट उन्हात जाड पोशाखात जीव गुदमरतो आणि घामाने चष्म्यावर वाफ धरते. मग फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करणे, एका माणसाने सलग दिवसभर पंप न उचलणे, अनावश्यक फवारणी टाळणे, असे दुसरे मार्ग सुचतात.

तोपर्यंत काय करावे?

अभ्यासाला वेळ लागेल, पण काही गोष्टी आजपासूनच पाळाव्यात.

१) बाटलीवरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी ते विषच आहे.
२) शिफारस नसताना दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळू नयेत.
३) वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, भर उन्हात किंवा उपाशीपोटी फवारणी करू नये.
४) नोझल तोंडाने फुंकू नये. गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय पाठीवर देऊ नये.
५) काम संपताच साबणाने अंघोळ करावी. फवारणीचे कपडे इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत.
६) डोकेदुखी, भोवळ, मळमळ, फार घाम, तोंडाला लाळ सुटणे, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे किंवा श्वासास त्रास होऊ लागल्यास काम त्वरित थांबवावे. रुग्णास फवारलेल्या शेताबाहेर आणावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे व विलंब न करता रुग्णालयात न्यावे. मदत करणाऱ्याने आपल्या हाताला कीटकनाशक लागू देऊ नये. बेशुद्ध माणसास काहीही पाजू नये. कीटकनाशकाची बाटली किंवा वेष्टण सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना नेमके उपचार करता येतील. लिंबू, ताक असे उपाय करण्यात वेळ घालवू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः पंप उचलत नाहीत, तो मजुराच्या पाठीवर असतो. औषध आपण आणतो, मिश्रण आपण ठरवतो, पंपही आपलाच असतो. पण ते अंगावर झेलतो दुसरा माणूस. त्याला काय होते, हे त्याच्याकडून ऐकण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या हंगामात पहिल्या फवारणीच्या आधी शेतकरी गटाने एक बैठक मजुरांची आणि एक स्त्रियांची घडवून आणावी. बैठक आशाताईंनी किंवा गावातील एखाद्या शिक्षकाने चालवावी, मालकांनी त्या वेळी बाजूला राहावे. खडू, तुरीचे दाणे आणि एक वही एवढेच साहित्य लागते. वहीत जे येईल ते नावे गाळून ग्रामसभेपुढे, सहायक कृषी अधिकाऱ्यापुढे आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढे ठेवावे. कृषी विज्ञान केंद्राचे विषय तज्ज्ञ या कामी मार्गदर्शन करू शकतील.

सापळ्यातील पतंग आपण नेमाने मोजतोच. त्याच नेमाने, हंगामातून एकदा तरी, पंप उचलणाऱ्याला विचारावे, “मागच्या फवारणीचा दिवस सकाळपासून सांग.” आणि त्याचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नये.